गोल्फ कार्टच्या टपावरचं ऊन

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटापासून नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर पीचट्री सिटी नावाचं गाव आहे. १९५९ मध्ये आखून वसवलेलं. गावात मोटारींचे रस्ते आहेतच, पण त्यांच्या जोडीला वाटांचं एक दुसरं जाळंही आहे. झाडीतून, तळ्यांच्या कडेने, मोठ्या रस्त्यांच्या खालून बोगद्यांतून जाणाऱ्या अरुंद डांबरी वाटा, एकूण लांबी सुमारे १६० किलोमीटर. त्यावरून पायी चालणारे जातात, सायकलवाले जातात आणि गोल्फ कार्ट जातात. गावात दहा हजारांहून जास्त कार्ट आहेत. लोक त्यातून वाणसामान आणतात, लायब्ररीत जातात, पोरं शाळेला जातात. हायस्कूलच्या आवारात कार्ट लावायला वेगळी जागा राखलेली आहे. गोल्फ खेळणारे त्यात थोडे. बाकीच्यांची ती रोजची गाडी.

यातल्या बऱ्याच कार्ट विजेवर चालतात. वर दीड-दोन चौरस मीटरचा सपाट टप, आणि जॉर्जियातलं उन्हाळ्याचं लख्ख ऊन. टपावर सौर पॅनेल टाकलं तर गाडी उन्हावरच चालेल की, हा विचार कुणाच्याही मनात येतो. तसे तयार संच बाजारात मिळतातही. विचार चुकीचा नाही. मात्र हिशेब मांडून बसलं की लक्षात येतं, पॅनेलचा मोठा उपयोग आपण शोधतो त्या जागी नाही. गाडी किती लांब जाईल यापेक्षा सीटखालच्या बॅटऱ्या किती वर्षं टिकतील, याच्याशी त्याचा संबंध जास्त आहे. आणि तो उपयोगही पदरात पडेल की नाही, हे गाडी दुपारी कुठे उभी असते यावर ठरतं.

विजेवरची गोल्फ कार्ट आणि सिलिकॉनचा सौर घट या दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या मर्ल विल्यम्स यांनी १९५१ च्या सुमारास विजेवरच्या कार्ट बनवायला सुरुवात केली. १९५४ मध्ये जॉर्जियातल्याच ऑगस्टा शहराच्या परिसरात डोलन बंधूंनी ईझी-गो ही कार्टची कंपनी काढली. त्याच वर्षी, २५ एप्रिल १९५४ रोजी, न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेने चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी घडवलेला सिलिकॉनचा सौर घट जगाला दाखवला. पडलेल्या उन्हातल्या साधारण सहा टक्के ऊर्जेची तो वीज करायचा. आजची चांगली पॅनेलं वीस-बावीस टक्के करतात.

दोघांची गाठ घालायचे प्रयत्नही लवकर सुरू झाले. १९६० च्या आसपास चार्ल्स एस्कॉफरी यांनी १९१२ सालची बेकर कंपनीची विजेवरची मोटार घेतली आणि तिच्या टपावर साडेदहा हजारांहून जास्त सौर घट जोडलेलं पॅनेल चढवलं. दिवसभर ऊन खाल्लं की ती तासभर चालायची. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण साठ वर्षांनंतर घटांची कार्यक्षमता काही पटींनी वाढली तरी टपाचा आकार तेवढाच राहिला आहे. पुढे १९८२-८३ मध्ये हान्स थोल्स्ट्रप आणि लॅरी पर्किन्स यांनी ‘क्वाएट अचीव्हर’ नावाची सौर गाडी ऑस्ट्रेलियात पर्थपासून सिडनीपर्यंत नेली. सुमारे चार हजार किलोमीटर, वीस दिवसांच्या आत, सरासरी वेग ताशी २३ किलोमीटर. हा वेग गोल्फ कार्टचाच. फरक असा की ती गाडी मुद्दाम हलकी बांधलेली होती आणि पॅनेल सबंध गाडीवर पसरलेलं होतं. आपल्या कार्टमध्ये चार माणसं बसतात, सामान असतं, आणि सीटखाली पावणेदोनशे किलोच्या शिशाच्या बॅटऱ्या असतात.

आता आकडे. कार्ट सपाट वाटेवर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने जाते, तेव्हा ४८ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ५० ते ६० अँपिअर ओढते. म्हणजे अडीच किलोवॅटच्या पुढेमागे. चढ लागला की दुप्पट, कधी तिप्पट. टपावर घरगुती आकाराचं एक पॅनेल, एक मीटर रुंद आणि पावणेदोन मीटरपेक्षा जरा कमी लांब, जेमतेम मावतं. त्याची क्षमता ३२० वॅट धरू. हा आकडा प्रयोगशाळेत ठरवलेल्या परिस्थितीतला असतो : दर चौरस मीटरवर १००० वॅट ऊन आणि घटांचं तापमान २५ अंश. भर दुपारी टपावर बसवलेल्या पॅनेलचे घट ६० अंशांपर्यंत तापतात, आणि २५ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशामागे सिलिकॉनची वीज ०.३ ते ०.४ टक्क्याने उतरते. म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले. शिवाय टप सपाट असतो, सूर्याकडे कललेला नसतो. वर धूळ बसते. जॉर्जियात तर मार्च-एप्रिलमध्ये पाइनच्या परागांचा पिवळा थर गाड्यांवर इतका साचतो की मूळ रंग ओळखू येऊ नये. हे सगळं वजा केलं की हातात सव्वादोनशे-अडीचशे वॅट राहतात. चालत्या गाडीला लागतात अडीच हजार. चालताना पॅनेल फार तर दहावा हिस्सा उचलतं.

पण दिवसाचा हिशेब वेगळा निघतो. वर्षभराच्या सरासरीने दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं, आणि वरच्या तुटी धरून पॅनेलच्या क्षमतेच्या सत्तर टक्के वीज मिळते असं मानलं, तर एक युनिटपेक्षा किंचित जास्त वीज होते. बॅटरीत घालताना आणि काढताना थोडी वाया जाते, ती सोडून पाऊण ते एक युनिट हाताशी उरते. कार्ट किलोमीटरला साधारण ९० वॅट-तास खाते. म्हणजे एका चांगल्या दिवसाच्या उन्हावर दहाएक किलोमीटर. अठरा होलच्या मैदानावर एक खेळ पूर्ण करताना कार्ट आठ-दहा किलोमीटर फिरते. पीचट्री सिटीतल्या घरातून शाळा, दुकान आणि परत एवढाच पल्ला पडतो. चालताना दहावा हिस्सा देणारं पॅनेल दिवसाअखेर जवळजवळ सगळी गरज भागवू शकतं, ते केवळ गाडी दिवसातले वीस-बावीस तास उभी असते म्हणून. आपल्याकडच्या घरगुती मोटारींचंही तेच आहे, फक्त त्यांची भूक कार्टपेक्षा खूप मोठी असते आणि टप काही त्या प्रमाणात मोठा नसतो. हा हिशेब गोल्फ कार्टला जमतो तसा मोटारीला जमत नाही.

आता अडचण. पीचट्री सिटीच्या वाटा देखण्या आहेत त्या झाडीमुळे, आणि सौर पॅनेलला झाडीचं वावडं. पॅनेलमधले घट एकामागे एक असे ओळीत जोडलेले असतात. सगळ्यांतून एकच करंट जातो. पाटाने पाणी शेताला चाललेलं असताना मध्ये एका जागी माती ढासळली की पुढचे सगळे वाफे कोरडे राहतात, तसं इथे होतं. एका घटावर पानाची सावली पडली की त्या ओळीतला करंट त्या एका घटाएवढाच उरतो. म्हणून ६० घटांच्या पॅनेलमध्ये वीस-वीसचे तीन गट करून प्रत्येकाला एक बायपास डायोड देतात. एका गटावर सावली आली तर करंट तो गट वगळून बाजूने जातो, बाकीचे दोन गट काम करत राहतात. तरीही तिसरा हिस्सा गेलाच. पानांतून ठिपक्याठिपक्याने येणारं ऊन डोळ्याला भरपूर वाटतं, पॅनेलला ते जवळपास सावलीसारखंच. टपाच्या कडेला लावलेली झेंड्याची काठी किंवा अँटेनासुद्धा वीज कमी करते, हे बसवणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही.

मग उपयोग काय, तर सीट उचलून खाली बघावं. जुन्या घडणीच्या कार्टमध्ये तिथे आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात, मिळून ४८ व्होल्ट. प्रत्येक बॅटरीचं वजन २९ किलोंच्या आसपास. प्रत्येकीत चार घट, म्हणजे पाणी घालायची एकूण चोवीस तोंडं. झाकण काढून हायड्रोमीटरने थोडं अ‍ॅसिड वर ओढलं, की काचेच्या नळीतली तरंगी पूर्ण भरलेल्या घटात विशिष्ट गुरुत्वाच्या १.२७ ते १.२८ या खुणेवर थांबते. अर्ध्या उतरलेल्या घटात ती १.२० च्या आसपास खाली जाते. कारण बॅटरी उतरते तेव्हा अ‍ॅसिडमधलं सल्फेट शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतं आणि अ‍ॅसिड पातळ होत जातं. चार्ज केलं की ते सल्फेट परत अ‍ॅसिडमध्ये येतं.

या येण्याजाण्यात एक खोड आहे. सल्फेट प्लेटांवर ताजं असतं तेव्हा बारीक असतं, सहज सुटतं. बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट उतरलेली पडून राहिली तर त्याचे खडे मोठे आणि टणक होतात, मग चार्जर कितीही वेळ लावला तरी ते सगळे सुटत नाहीत. तेवढा प्लेटांचा भाग कायमचा गेला. बॅटरीवाले याला सल्फेशन म्हणतात, आणि शिशाच्या बॅटऱ्या अकाली मरतात त्यातल्या बऱ्याच याने. संध्याकाळी आल्यावर लगेच चार्जरला लावायची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी लावली, असं वर्षभर चाललं की बॅटऱ्यांची वर्षं कमी होतात. शिवाय बॅटरी जितकी खोल उतरवाल तितकी तिची उतरण्या-भरण्याची आवर्तनं घटतात. रोज ऐंशी टक्के उतरवलेली बॅटरी आणि रोज तीस-चाळीस टक्के उतरवलेली बॅटरी यांच्या आयुष्यात खूप अंतर पडतं.

पॅनेल नेमकं इथे कामाला येतं. सकाळी शाळेची फेरी झाली, गाडी दुकानाबाहेर उन्हात उभी राहिली, आणि तेवढ्यात चार-पाच अँपिअर करंट बॅटरीत जायला लागला. संध्याकाळी बॅटरी जितकी उतरली असती त्यापेक्षा कमी उतरलेली असते. आणखी एक जुळणारी गोष्ट आहे. शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते, पण शेवटचे पंधरा-वीस टक्के भरायला तिला कित्येक तास थोडा थोडा करंट लागतो. जास्त दिला तर तो घेतच नाही, पाण्याचे बुडबुडे करून हायड्रोजन सोडते. पॅनेलची ताकद तेवढीच, थोडी आणि सावकाश. मोठ्या चार्जरला जे काम कंटाळवाणं, ते या पॅनेलच्या मापाचं.

पैशाच्या भाषेत बोलायचं तर, दिवसाला एक युनिट म्हणजे अमेरिकेत पंधराएक सेंट. वर्षभरात पन्नास डॉलर. तयार सौर संचाची किंमत काहीशे डॉलर असते. नुसत्या वीजबिलात ती भरून यायला वर्षं लागतात, आणि विकणारे ज्या ‘फुकट विजे’चं नाव घेतात तिचं मोल एवढंच आहे. उलट सहा बॅटऱ्यांचा नवा संच हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जातो. तो एक-दोन वर्षं उशिरा घ्यावा लागला, तर तेवढ्यात पॅनेलचे पैसे निघतात. म्हणून मला वाटतं, पॅनेल घेताना ‘यावर गाडी किती किलोमीटर जाईल’ हे दुकानात विचारण्यापेक्षा आपल्या बॅटऱ्या सध्या किती वर्षं टिकतात ते आधी आठवावं.

फ्लोरिडातल्या निवृत्तांच्या वसाहतींमध्ये याचा आणखी एक उपयोग दिसतो. उत्तरेकडची थंडी चुकवायला आलेले लोक उन्हाळ्यात आपल्या मूळ गावी परततात आणि कार्ट चार-पाच महिने जागेवर उभी राहते. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याला काही टक्के आपोआप उतरते, आणि उष्णता जितकी जास्त तितकी लवकर. अशा गाडीला पन्नास-शंभर वॅटचं छोटं पॅनेलही पुरतं. त्याने गाडी चालणार नाही, पण परत आल्यावर बॅटऱ्या जिवंत सापडतील. अर्थात, गाडी उघड्यावर उभी असेल तर.

जोडणीत बहुतेकांची गाडी अडते ती व्होल्टवर. सिलिकॉनचा एक घट काम करताना जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. ३६ घटांचं छोटं पॅनेल अठराएक व्होल्ट, ६० घटांचं बत्तीस-तेहतीस. आणि ४८ व्होल्टचा बॅटरीसंच पूर्ण भरायला हवेत ५८ व्होल्ट किंवा थोडे जास्त. घरांवरच्या सौर जोडणीत वापरतात ते नेहमीचे एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारे) कंट्रोलर पॅनेलचे जास्त व्होल्ट उतरवून बॅटरीला देतात. कमी व्होल्ट चढवून देणं त्यांना जमत नाही. तसा कंट्रोलर कार्टला लावला तर दिवा लागतो, वायरी गरम होत नाहीत, सगळं ठीक दिसतं, आणि बॅटरीत काहीच जात नाही. कार्टसाठी ‘बूस्ट’ प्रकारचा एमपीपीटी लागतो, जो ३२ व्होल्टचे ५८ करतो. चार छोटी पॅनेलं ओळीत जोडून व्होल्ट वाढवता येतात, पण मग ओळ लांब होते आणि सावलीचा फटका मोठा बसतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. घरी बारा व्होल्टचं एखादं पॅनेल पडलेलं असतं, आणि सहापैकी एका किंवा दोन बॅटऱ्यांवर ते जोडायचा मोह होतो. ओळीतल्या सगळ्या बॅटऱ्यांतून करंट सारखाच वाहतो, त्यामुळे त्या सारख्याच भरलेल्या असायला हव्यात. एकीला वरून पॅनेलचं जास्तीचं मिळालं की रात्री भिंतीवरचा चार्जर लावल्यावर ती आधीच भरलेली असते, पाणी उकळवत बसते, आणि बाकीच्या तिच्यामुळे एकूण व्होल्ट वाढलेले दिसल्याने अर्ध्यावर सोडल्या जातात. दोन महिन्यांत एक बॅटरी कोरडी आणि पाच उपाशी. पॅनेलच्या दोन वायरी संचाच्या दोन टोकांनाच जायला हव्यात, बॅटरीजवळ फ्यूज घालून. काही कार्टमध्ये वापरलेल्या विजेचा हिशेब ठेवणारा छोटा संगणक असतो आणि तो रात्री किती चार्ज करायचं ते ठरवतो. उन्हाची वीज त्याला वळसा घालून आत गेली तर त्याचा हिशेब चुकतो. तिथे वायर कुठे जोडायची हे त्या गाडीची माहिती असलेल्या माणसाला विचारूनच करावं.

पॅनेल काचेचं की वाकणारं, यावर फार खल होतो. काचेचं टिकाऊ, पण वजन अठरा-वीस किलो, आणि ते बसतं चार बारीक खांबांवर, डोक्याच्या वर. वळणावर गाडीचा तोल बदलतो. वाकणारं पॅनेल त्याहून खूप हलकं, टपाला चिकटवता येतं. पण खाली हवा खेळत नाही, त्यामुळे ते जास्त तापतं, आणि हादऱ्यांनी घटांना डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा लवकर पडतात. ज्या टपाचे खांब भक्कम आहेत त्यावर मी काचेचंच सुचवीन, खाली दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवून.

गेल्या काही वर्षांत शिशाची जागा लिथियम घेत आहे, आणि त्याने हे सगळं गणित हलवलं आहे. लिथियम-लोह-फॉस्फेटचा १०० अँपिअर-तासांच्या आसपासचा संच पन्नासेक किलोंत बसतो. त्याला सल्फेशन नाही, अर्धवट भरलेला राहिला तरी बिघडत नाही. उलट कायम शंभर टक्के भरून ठेवणंच त्याला मानवत नाही. म्हणजे शिशाच्या बॅटरीला पॅनेल ज्या कारणासाठी हवं होतं ते कारणच उरलं नाही. बदल्यात दुसरा फायदा मिळतो : लिथियम उन्हाची वीज शेवटच्या टक्क्यापर्यंत न कुरकुरता घेतं आणि जवळपास सगळी परत देतं. तिथे पॅनेलने खरोखर किलोमीटर वाढतात. मात्र कंट्रोलर लिथियमच्या व्होल्टवर लावलेला असावा लागतो, आणि बॅटरीतल्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) करंट मध्येच तोडला तर तो ते सहन करणारा असावा. थंडीत तापमान शून्याखाली गेलं की या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात, हेही जॉर्जियाच्या जानेवारीत आठवणीत ठेवावं लागतं.

आणि तरीही मोठा प्रश्न राहतोच. पीचट्री सिटीतल्या बऱ्याचशा घरगुती कार्ट फिरत नसतात तेव्हा गॅरेजमध्ये असतात. गोल्फ क्लबच्या कार्ट शेडमध्ये असतात. गाडी सावलीत ठेवावी, ही सवय चांगलीच आहे. सीटची आणि बॅटरीची निगा त्याने राहते. पण सावलीतल्या टपावरचं पॅनेल म्हणजे नुसतं वजन. अशा ठिकाणी पॅनेल शेडच्या छतावर घालणं केव्हाही शहाणपणाचं. साठ कार्टचा ताफा धरा, प्रत्येकीचे दिवसाला दोन खेळ. गाडीमागे भिंतीतून सव्वादोन युनिटच्या आसपास वीज लागेल, सगळ्यांची मिळून सव्वाशे-दीडशे. त्यासाठी पस्तीसेक किलोवॅटची पॅनेलं पुरतात, आणि ती पावणेदोनशे चौरस मीटरमध्ये बसतात. साठ कार्ट ज्या शेडमध्ये उभ्या राहतात तिचं छत याहून बरंच मोठं असतं. तिथे पॅनेल योग्य कोनात लावता येतं, खालून हवा जाते, धुता येतं, गाडीचा तोल बिघडत नाही. कार्ट रात्री चार्ज होतात आणि वीज दिवसा बनते, हा फरक नेट मीटरने, म्हणजे ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज वजा करून मोजणाऱ्या मीटरने, भरून काढता येतो. टपावरच्या साठ पॅनेलांपेक्षा यात मिळकत जास्त.

आपल्याकडे गोल्फची मैदानं मोजकी, पण अशा गाड्या वाढत चालल्या आहेत. मोठ्या रेल्वे स्थानकांवर वृद्धांना आणि अपंगांना फलाटावरून नेणाऱ्या बॅटरीच्या गाड्या, विद्यापीठांची आवारं, रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्रं. यांतली फलाटावरची गाडी दिवसभर पत्र्याखाली असते. तिच्या टपावर पॅनेल घालणं व्यर्थ आहे, स्थानकाच्या छतावर घातलं तर अर्थ आहे. माथेरानमध्ये हातरिक्षा ओढणाऱ्यांसाठी ई-रिक्षा आल्या, तेव्हा त्या उन्हावर चालवता येतील का, असं कुणालाही सुचेल. पण तिथले रस्ते गर्द झाडीखालचे आणि पावसाळा चार महिने धुवांधार. तिथे टपावरच्या पॅनेलकडून फारशी आशा ठेवू नये. याउलट उघड्या आवारात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उभी असणारी, दिवसातून आठ-दहा किलोमीटर फिरणारी रिसॉर्टची किंवा महाविद्यालयाची गाडी घ्या. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्याकडचं ऊन जॉर्जियापेक्षा सरस असतं. तिला तीनशे वॅटचं पॅनेल खरोखर उपयोगी पडेल. जून ते सप्टेंबर मात्र भिंतीवरचा चार्जर हाताशी ठेवायलाच हवा.

अशी गाडी शिशाच्या बॅटऱ्यांची असेल तर एक काम पॅनेल लावल्यावर वाढतं, आणि तेच सर्वांत जास्त विसरलं जातं. बॅटरी पूर्वीपेक्षा जास्त तास भरलेल्या अवस्थेत राहते, म्हणून पाणीही लवकर आटतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी चोवीसही झाकणं उघडून प्लेटा बुडालेल्या आहेत ना ते बघावं. प्लेटा उघड्या पडलेल्या दिसल्या तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावं, बाकीचं चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वर येते आणि अ‍ॅसिड झाकणांतून सांडून खालची लोखंडी चौकट खाऊन टाकतं.